सुईची धार मोडताना

बोथट हत्याराचा मला लहानपणापासून राग. आता वय झालंय, हात थरथरतो, स्वतःची दाढीसुद्धा दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते. पण तो दुसरा वस्तरा पट्ट्यावर नीट न ओढता माझ्या गालाला लावायला निघाला की मी खुर्चीतून अर्धा उठतो आणि त्याला चार शब्द सुनावतो. तो बिचारा ऐकून घेतो. म्हाताऱ्याचं काय मनावर घ्यायचं, असं मागाहून बोलत असेल. पण ज्यानं धारेपायी आपली बायको घालवली, त्यानं अजून धारेवरूनच भांडावं, हे माझं मलाच उमगत नाही. ते उमगतंय का बघावं म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं घराणं वळसंगचं, न्हाव्याचं. हत्यारांची धोकटी काखेत मारून वडील घरोघर जात. दाढी-डोई तर करतच, शिवाय गावाची गळवं फोडणं, रुतलेला काटा काढणं हीही कामं आमच्याकडंच असत. वस्तरा दगडावर कसा धरायचा हे शिकवताना वडील सांगत, की माणूस ओरडतो तो न्हाव्याच्या आळसामुळं. पातं चोख असलं तर कातडीला कळायच्या आत काम होऊन जातं. धार आधी अंगठ्याच्या नखावर बघायची, मग मनगटावरच्या लवेवर. नुसतं पातं टेकलं की लव गळून पडली पाहिजे. मी पोरवयातच हे साधलं आणि तेव्हापासून गर्वानं फुगलो तो फुगलोच.

लग्नानंतर सोलापुरात येऊन मी एका मिलच्या फाटकाजवळ दुकान टाकलं. तिथं एक डॉक्टर दाढीला येत. घरात कानडी, बाहेर शुद्ध मराठी, स्वभावानं सौम्य आणि हाताला कामाची घाई. त्यांचा स्वतःचा दहा-बारा खाटांचा दवाखाना होता. माझा वस्तरा त्यांनी दोन-तीनदा हातात घेऊन उजेडाकडं धरून पाहिला आणि एक दिवस विचारलं, आमच्या चाकू-कात्र्यांना अशी धार देशील का? आधी मी धार लावायला जात होतो, मग शस्त्रक्रियेआधी रोग्याचं अंग भादरायला, मग जखमा बांधायला. वर्षा-दोन वर्षांत दुकान भावाच्या हवाली केलं आणि दवाखान्याचा ड्रेसर झालो. ही सन तीसच्या आगेमागेची गोष्ट.

त्या दवाखान्यात माझ्याकडं जी हत्यारं होती त्यात माझी सगळ्यात लाडकी होती पाठीच्या कण्यात घालायची सुई. कमरेखालचं अंग बधिर करायचं तर दोन मणक्यांच्या मधून एक लांब, पोकळ सुई घालतात. मज्जारज्जूभोवती एक पडदा असतो आणि पडद्याच्या आत पाणी. सुई पडद्यातून आत गेली की तिच्यातून स्वच्छ पाण्याचे थेंब ठिबकतात. मग त्याच वाटेनं औषध सोडायचं. माणूस जागा असतो, बोलतो, आणि खाली पोट उघडलं तरी त्याला पत्ता नसतो. क्लोरोफॉर्मनं लोक दगावत, त्याची दहशत सगळ्या गावात होती. म्हणून आमचे डॉक्टर होईल तिथं सुईच वापरत.

सुया मुंबईहून येत आणि यायला महिने लागत. त्यामुळं त्याच त्या उकळून पुन्हापुन्हा वापराव्या लागत. पोलाद गंजे, टोक हाडावर आपटून वाकडं होई, आणि तशी सुई घातली की रोगी टेबलावर उसळे. हे बघून माझ्या हातांना कंड सुटली. मी तेलाच्या दगडावर सुईचं तिरकं तोंड आणखी लांबवलं, दोन्ही कडांना वस्तऱ्यासारखी धार दिली आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढून घेतली. पहिल्यांदा ती वापरली तेव्हा डॉक्टर चकित झाले. काही अडलंच नाही हाताला, म्हणाले. पुढं बाहेरगावचे डॉक्टर पाहुणे म्हणून आले की ते मला बोलावून माझ्या सुया दाखवत. मी हात मागं बांधून उभा राही आणि मान खाली घाले, पण ती नम्रता नव्हती. चेहऱ्यावरचा आनंद लपवायला घातलेली मान होती.

सुई घेतलेल्या पुष्कळ रोग्यांचं तिसऱ्या दिवशी डोकं दुखे. आडवं पडलं की बरं, उठून बसलं की असह्य. कुणाला ओकारी येई, कुणाला उजेड सोसत नसे. आम्ही म्हणायचो अशक्तपणा, म्हणायचो सोलापूरचं ऊन. घरची माणसं मीठ-मिरच्या उतरवून टाकत. मी आपला टिंगल करी. मिलमधला रोगी असला की म्हणायचो, तुझं डोकं भोंगा ऐकू न आल्यानं दुखतंय, उद्या कामावर जा, थांबेल. आणि कुणी फारच कण्हत पडला तर काखेत हात घालून बसवून देई. जितकं लोळाल तितकं दुखेल, हे माझं ठरलेलं वाक्य होतं. आठवडाभरात बहुतेक सगळे बरे होऊन घरी जात, म्हणून माझं म्हणणं खरंच आहे असं मी धरून चाललो होतो.

आता बायकोबद्दल सांगतो. ती मंगळवेढ्याची. अंगानं लहानखुरी, बोलायला कमी, आणि कामाला बसली की मान वर न करणारी. आम्हाला मूल नव्हतं. ती दिवसभर वाकळा शिवायची. पेठेतल्या बाया जुनी लुगडी आणून देत, ती त्यांचे थर अंथरून असे बारीक, सरळ टाके घाले की बघणाऱ्यानं बघत राहावं. तिची सुई तिच्या आईची होती. जाड, काळपट, आणि टोकाला झिजून गोल झालेली. ती सुई अधूनमधून केसांतून फिरवी, तेल लागलं की पुढं चाले. मला त्या सुईकडं बघवत नसे. डोळ्यांसमोर असलं बोथट हत्यार, तेही माझ्या घरात.

एकदा ती चार दिवस माहेरी गेली तेव्हा मी ती सुई काढली. दवाखान्याचा दगड घरी आणला आणि कण्याच्या सुईला देतो तशीच तिला दोन्ही बाजूंनी धार दिली. किती खूश होईल, असं मनात धरून बसलो होतो. आली, हातपाय धुतले, आमच्या स्वतःच्या अंथरुणासाठी अर्धी शिवलेली वाकळ पुढं ओढली आणि शिवायला बसली. सुई सरसर चालली होती. मी दारात बसून कौतुकाची वाट बघत होतो. पुष्कळ टाके झाल्यावर ती थांबली, सुई डोळ्यांजवळ नेली आणि माझ्याकडं वळली.

"धार दिली व्हय हिला?"

मी हसून होय म्हटलं. ती हसली नाही. वाकळेचा काठ उचलून तिनं मला दाखवला, पण तिथं मला काही वेगळं दिसलं नाही.

"अवो, सुईनं सूत बाजूला सारायचं असतंय, तोडायचं नसतंय. सारलेलं सूत पुन्हा जवळ येतंय. तुटलेलं कसं येईल?"

मी म्हटलं, बायकांचं काहीतरीच. कापड ते कापड, भोक ते भोक. तिनं वाद घातला नाही. नंतर कितीतरी दिवस येता-जाता ती सुईचं टोक दगडी उंबऱ्यावर घासताना दिसे, थोडं घासून बोटाला लावून बघे. हवं तसं गोल झालं तेव्हाच पुन्हा शिवायला घेतलं. धारेच्या सुईनं घातलेले टाके उसव, असं मी म्हटलं तर नको म्हणाली, आपल्यालाच अंगावर घ्यायचीय, राहू दे. असे त्या वाकळेत एका बाजूला माझ्या धारेचे टाके राहिले आणि उरलेल्या भागात तिच्या सुईचे. मी ही गोष्ट दवाखान्यात हसून सांगत असे. बायकोला बोथट सुई आवडते म्हणून.

पुढच्या वर्षी तिचं पोट वाढायला लागलं. इतक्या वर्षांनी देवानं ऐकलं म्हणून शेजारणी चिंचा-आवळे आणून द्यायला लागल्या. ती लाजून घेई. मीही दोन महिने हवेत होतो. पण बाकी कुठलंच लक्षण जुळेना, तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, हात धुतले आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की मूल नाही, गाठ आहे, आणि ती काढावी लागेल. ते तिला मी सांगितलं. ती उठली आणि उरलेल्या चिंचा एका फडक्यात बांधून शेजारच्या लेकुरवाळीला देऊन आली. मला अजून त्या फडक्याची गाठ दिसते.

तिला क्लोरोफॉर्मची भीती होती. आमच्याच गल्लीतला एकजण त्यातून उठला नव्हता. मी तिला समजावलं, की तुला गुंगी द्यायचीच नाही, पाठीत सुई द्यायची, तू जागी राहशील, मी तुझ्या डोक्याशी उभा असेन. सुईला मी स्वतःच्या हातानं धार दिलीय, तुला कळणारसुद्धा नाही. तेव्हा तिनं माझ्याकडं नीट बघून विचारलं, "माझ्या सुईला दिलीवती तशी?"

"तिच्यापेक्षा चांगली," मी म्हटलं.

ती पुढं काही बोलली नाही. तिला काय वाटलं ते मी त्या वेळी विचारलं नाही, आणि नंतर विचारायची सोय राहिली नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी सबंध दुपार एका सुईवर घालवली. इतकी सुंदर धार मी त्याआधी कधी लावली नव्हती आणि त्यानंतरही नाही. सकाळी तिला टेबलावर कुशीवर घेतलं, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी अशी मीच तिला धरून ठेवली होती. डॉक्टरांनी सुई घातली. तिनं अंग जरासुद्धा चोरलं नाही. मुंगी चावल्यागत झालं, एवढंच म्हणाली. पाण्याचे थेंब आले, औषध गेलं, आणि पाय जड झाल्याचं तिनं मला दोनदा सांगितलं. गाठ भोपळ्याएवढी निघाली. वाईट नव्हती, नुसत्या पाण्याची होती. डॉक्टरांनी मान डोलावली आणि मला रडू फुटलं. सगळं पार पडलं म्हणून रडलो.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी मी तिला वेणी घालायला उठवून बसवलं आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं. मागून कुणीतरी मान खाली ओढतंय, म्हणाली. आडवी केली तर लगेच बरं. मी मनात म्हटलं, तेच ते. नेहमीचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवली. तिनं नको नको म्हटलं, तरी पाठीशी उशा लावून बसवली, आणि ती कळवळली तेव्हा मी तिच्यावर खेकसलो, की गल्लीतल्या बाया हसतील, एवढ्या-तेवढ्याला कोण असं करतं. जितकं लोळशील तितकं दुखेल. हे मी तिला म्हणालो. माझ्या तोंडून आयुष्यात पुष्कळ वाईट शब्द गेलेत, शिव्याही गेल्यात, पण परत घ्यावेसे वाटणारे शब्द विचाराल तर हेच.

आठ दिवसांनी घरी नेली. टाके सुकले होते. पोट बरं होतं. डोकं मात्र थांबेना. ती दिवसभर आडवी पडून राही आणि कुणी भेटायला आलं की हसून बोले. मग एक दिवस तिनं पडल्या-पडल्या ती आमची वाकळ मागितली. थोडीशीच राहिली होती शिवायची, तशी अपुरीच आम्ही ती अंगावर घेत होतो. सुईत दोरा ओवायला गेली आणि तिला तो ओवता येईना. ही बाई न बघता दोरा ओवायची. तिनं चार-पाचदा प्रयत्न केला, दोरा सुईच्या बाजूनं जात राहिला. शेवटी सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तुमीच ओवा की. मी ओवून दिला. तिनं तीन टाके घातले आणि तिचा डोळा लागला.

तेव्हापासून तिचं डोकं आडवं पडूनही दुखायला लागलं. झोप वाढली. हाक मारली की ओ द्यायला वेळ लागे. डॉक्टर रोज येत. एकदा त्यांनी तिच्या डोळ्यांवर उजेड धरून पाहिला. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत होती.  ते पुस्तकं काढून बसले असतील, मुंबईला तारही केली होती, पण उत्तर यायच्या आत, दुपारपाळीचा भोंगा झाल्यावर थोड्या वेळानं, ती गेली. मी तिच्या पायाशी बसलो होतो. तिचे तळवे गार लागले म्हणून वर बघितलं तेव्हा संपलं होतं. डॉक्टर आले आणि आमच्या पायरीवर बसले. ते कधी कुणाच्या पायरीवर बसलेले मी पाहिले नव्हते.

दहाव्याला भावानं माझी दाढी-मिशी काढली. वस्तरा बोथट होता. दोन ठिकाणी कापलं. मी काही बोललो नाही, आणि त्याचाच भावाला जास्त धसका बसला.

मी कामावर जात राहिलो. दुसरं काय करणार. हत्यारं उकळत होतो, धार लावत होतो, फक्त रोग्यांची टिंगल करणं बंद झालं होतं. असे काही महिने गेले. एक दिवस डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टपालानं परदेशातले वैद्यकीचे अंक त्यांच्याकडं येत, तसा एक समोर उघडा होता. मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो. ते म्हणाले, या डोकेदुखीवर मी गेले काही महिने वाचतोय. सुईनं पडद्याला भोक पडतं, ते बुजत नाही, आतलं पाणी हळूहळू झिरपून जातं. माणूस उठून बसला की मेंदूला खालून आधार राहत नाही, तो ओढला जातो. म्हणून आडवं पडलं की बरं वाटतं. तिकडं कुणीतरी असं मांडलंय, की सुई बारीक असावी आणि तिचं टोक कापणारं नसावं. गोल असावं.

मला समजावं म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी ताणून धरला. पडदा असाच असतो, म्हणाले, तंतूंचा. धारदार टोक तंतू कापून जातं. गोल टोक...

"सूत बाजूला सारतंय," मी म्हटलं. "सारलेलं सूत पुन्हा जवळ येतंय."

त्यांनी रुमाल खाली घेतला. तुला कसं ठाऊक, म्हणून विचारलं.  मी तसाच खोलीतून बाहेर पडलो आणि भर दुपारी घरी गेलो.

ती वाकळ खुंटीवर होती. शेवटची वीतभर पट्टी बिनटाक्यांची तशीच राहिली होती. मी ती घेऊन दारात उन्हाकडं धरली. दोन वर्षं ती आमच्या अंगावर होती, कितीदा धुतली होती. तिच्या सुईच्या भागात टाक्याभोवतीचं कापड मिटलेलं होतं, दोरा ओढून पाहिला तरी भोक दिसेना. आणि माझ्या धारेच्या बाजूला टाक्याटाक्याशी उसवलेली भोकं होती, काही एकमेकांना मिळून चिरा पडल्या होत्या, त्यातून ऊन पलीकडं उंबऱ्यावर पडत होतं. तिनं काठ उचलून मला हेच दाखवलं होतं. मला दिसलं नव्हतं.

पहिला राग मला डॉक्टरांचा आला. शिकलेला माणूस, परदेशाचे अंक वाचणारा, त्याला हे आधी का कळलं नाही? मग तिचा आला. माझ्याशी भांडली का नाही? "माझ्या सुईला दिलीवती तशी?" असं विचारलं होतं तर पुढं का बोलली नाही? वाकळ तोंडावर धरून मी तिला खूप बोललो. मग बोलणं संपलं, आणि दोष द्यायला घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिची सुई खिशात घालून दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सुई बोटावर टेकवून पाहिली, भिंगातून पाहिली. मग एकच म्हणाले, की तिच्या जाण्याला सुईच कारण झाली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, ओढल्यानं मेंदूवरची एखादी शीर फुटली असेलही, पण ते मला दिसलेलं नाही. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. तरी मला त्यातून सुटका मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती हवीही नव्हती.

मग मी सुयांची धार मोडायला बसलो. हे लिहायला सोपं आहे. ज्या दगडावर आयुष्यभर धार आणली त्याच दगडावर ती घालवायची, आणि तीही वेडीवाकडी नाही. सुईचं तिरकं तोंड आखूड करायचं, दोन्ही कडा मारून गोल करायच्या, टोक तेवढं राखायचं. सुई चिमटीत फिरवत फिरवत घासायची, मग पट्ट्यावर इतकी गुळगुळीत करायची की केसांतून ओढली तरी केस अडकू नये. नुसती बोथट केली तर आत जात नव्हती, अर्धवट ठेवली तर कापत होती. तीन सुया वाया गेल्या. हात आपोआप धारेकडं वळत, आणि मी त्यांना शिव्या देई. प्रत्येक सुई जुन्या लुगड्याच्या ताणलेल्या तुकड्यातून घालून काढायची आणि तुकडा खिडकीशी धरायचा. उजेड आला तर पुन्हा दगड. लुगडं तिचंच होतं. टोक कसं हवं ते बघायला तिची सुई शेजारी ठेवलेली असे.

शेवटी एका तुकड्यातून उजेड आला नाही. डॉक्टरांनी तो तुकडा दोनदा उलटसुलट करून बघितला आणि पुढच्या शस्त्रक्रियेला हीच सुई काढायला सांगितली.

रोगी होती मिलमध्ये सूत गुंडाळणारी एक बाई. ठणठणीत आवाजाची, पोटातल्या दुखण्यानं वाकलेली. मी तिला कुशीवर धरली. सुई घालताना डॉक्टरांना जोर लावावा लागला. तसं त्यांनी सांगितलंही. बाई ओरडली, आमच्या दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझ्या हातच्या सुईला अशी ओरड त्यापूर्वी कुणी केली नव्हती. वडील असते तर त्यांनी तोंड फिरवलं असतं. मी तिला धरून राहिलो.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारांकडं गेलोच नाही. त्या बाईच्या खाटेपासून चार हातांवर उभा राहिलो. तिला ऊठ म्हणायची माझी छाती होईना. आयुष्यभर रोग्यांना काखेत हात घालून बसवणारा मी, तिनं उठूच नये असं वाटत होतं. उठली नाही तर दुखणारही नाही. ती जागी झाली, इकडंतिकडं बघितलं, कोपर टेकलं आणि आपली आपण उठून बसली. केस मोकळे झाले होते ते मागं घेतले, बुचडा बांधला, जांभई दिली. मग तिला मी दिसलो.

डोकं दुखतंय का, मी विचारलं. 

कशाचं डोकं, म्हणाली, पोटाला टाके घातलेत की डोक्याला? चहा कुटं हाय ते सांगा. मी हललो नाही. तिच्या बांधलेल्या बुचड्याकडं, तिच्या सरळ मानेकडं बघत राहिलो. ती संकोचली आणि पदर सावरून जरा रागानंच बोलली.

"असं काय बघताय? बाई उठून बसलेली कदी बघितली न्हाय व्हय?"

"न्हाय," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी चहा आणायला गेलो.